पेनड्राइव्ह पुसण्याआधी जरा थांबा



आमच्या बचत गटाच्या पेनड्राइव्हवर हिशेब, सभांचे फोटो, सभासदांची कागदपत्रं असं सगळं होतं. त्यात शिवणवर्गाचा मोठा व्हिडिओ टाकायला गेलो, तर संगणक म्हणाला, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यातला निम्म्याहून जास्त रिकामा! कुणीतरी म्हणालं, "फॉरमॅट मारा, होईल." आम्ही मारला. व्हिडिओ बसला, पण बाकी सगळं गेलं. हिशेबाची वही हाताने लिहिलेली होती म्हणून निभावलं. फोटो मात्र गेले ते गेलेच.

असं का झालं? पेनड्राइव्हमध्ये फाइली ठेवायची एक रीत असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखी समजा. बऱ्याच पेनड्राइव्हवर फॅट३२ नावाची मांडणी असते. तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो.

ही मांडणी बदलायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, फॉरमॅट. यात जुनी मांडणी मोडून नवी उभी राहते आणि आतल्या फाइली जातात.

दुसरा, कन्व्हर्ट. विंडोजच्या संगणकात या नावाची सोय आहे. ती फाइली जागेवर ठेवून फॅट३२ची एनटीएफएस मांडणी करते. पण त्यासाठी थोडी जागा रिकामी लागते. आणि हा रस्ता एकेरी आहे. पुन्हा फॅट३२ हवं असेल तर फॉरमॅटच करावं लागतं. शिवाय काही टीव्ही आणि मोबाइल एनटीएफएस वाचत नाहीत. व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचा असेल तर एक्सफॅट ही मांडणी चालते का ते बघा. ती मात्र फॉरमॅट करूनच मिळते.

मार्ग कोणताही घ्या, आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. नुसत्या उतरवू नका, दोन-चार उघडून बघा. काम चालू असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढला, तर कन्व्हर्टमध्येही नुकसान होऊ शकतं.

आणि चुकून फॉरमॅट झालंच, तर त्यावर नवीन काही टाकू नका. लगेच जाणकाराला दाखवा. कधी कधी फाइली परत मिळतात. आम्ही वर व्हिडिओ टाकला, तिथेच चुकलो.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुणाकडे आहे?