हरणाचे वय सांगणारे दात

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील माळरानांवर मेंढ्यांचे कळप चरतात, तसाच चिंकाराही चरतो. त्याच्या संरक्षणासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. चिंकारा बोलीत हरीण म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची शिंगे झडत नाहीत. शास्त्रदृष्ट्या तो कुरंग होय. वय ओळखण्याचे मुख्य साधन मात्र चितळ, सांबर आणि चिंकारा या सर्वांच्या बाबतीत एकच आहे, ते म्हणजे दात.

हे ज्ञान वरकुट्यासारख्या गावांतील मेंढपाळांना नवे नाही. रवंथ करणाऱ्या या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. दुधाचेच दात असलेले जनावर ‘अदत’ म्हटले जाते. मेंढीला साधारणपणे सव्वा ते दीड वर्षात दोन कायमचे दात येतात. पुढे चार, सहा असे करीत साडेतीन-चार वर्षांत आठही दात पूर्ण होतात, म्हणजेच ती ‘जुळते’.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत दाढा अधिक बोलक्या ठरतात. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या जबड्यात प्रत्येक बाजूस, वर आणि खाली, सहा-सहा दाढा असतात. खालच्या जबड्यातील तिसरी दाढ दुधाची असेल, तर तिचे तीन भाग दिसतात. तिच्या जागी येणारी कायमची दाढ दोन भागांची असते. एवढ्या एका खुणेवरून पाडस व प्रौढ यांतील भेद स्पष्ट होतो.

सर्व दात आल्यानंतर झिजेवरून अंदाज बांधावा लागतो. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ मध्ये अशी पद्धत मांडली. परंतु झीज चाऱ्यावर व त्यावरील धुळीवर अवलंबून असते. म्हणून एका प्रदेशाचे कोष्टक दुसऱ्या प्रदेशास जसेच्या तसे लागू पडत नाही. अधिक अचूकतेसाठी दाताच्या मुळाचा पातळ छेद घेऊन त्यातील वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

या माहितीचा उपयोग काय? मृत प्राणी वृद्ध असेल, तर तो निसर्गक्रम मानता येतो. ऐन उमेदीतील चिंकारे वारंवार मृत आढळू लागले, तर मोकाट कुत्री, भरधाव वाहने, कठडा नसलेल्या विहिरी अशा कारणांचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

म्हणून मृत चिंकारा आढळल्यास त्यास हात न लावता वन विभागास तत्काळ कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये असा प्राणी व त्याचे अवशेष ही शासनाची मालमत्ता असते. कवटी वा शिंगे शाळेत किंवा घरी ठेवणे हा गुन्हा तर होईलच; शिवाय कळपाची स्थिती सांगणारा पुरावाही नाहीसा होईल. शिक्षकांना हे दात मेंढी-शेळीच्या तोंडात विद्यार्थ्यांस सहज दाखविता येतील, आणि त्या पाठासाठी गावातील मेंढपाळाइतका जाणता मार्गदर्शक दुसरा मिळणार नाही.