नकाशावाचून पूल

पूल बांधावयाचा म्हणजे आधी त्याचे नकाशे काढावयाचे, ही रीत इतकी रुळलेली आहे की, नकाशावाचून मोठा पूल उभा राहिला असे कोणी सांगितल्यास आपणांस ती थट्टाच वाटेल. परंतु नॉर्वे देशात रान्सेल्वा नदीवर ६३४ मीटर लांबीचा असा काँक्रीटचा पूल खरोखरीच उभा आहे. तो २०२२ साली वाहतुकीस खुला झाला.

नकाशाची अडचण आपण चित्रकलेच्या व भूमितीच्या तासाला अनुभवतोच. घनवस्तू सपाट कागदावर उतरवावयाची, तर वरून, समोरून व बाजूने दिसणाऱ्या निरनिराळ्या आकृत्या काढाव्या लागतात. आणि पाहणाऱ्यास त्या मनातल्या मनात जुळवून घ्याव्या लागतात. आता पुलाचा विचार करू. त्याच्या काँक्रीटमध्ये सळयांची दाट जाळी असते आणि तिच्यामधूनच ताण द्यावयाच्या पोलादी तारांच्या नळ्या जातात. सळया एका कागदावर, नळ्या दुसऱ्या कागदावर! दोन्ही कागद आपापल्या परीने बिनचूक असले, तरी सळई व नळी एकाच जागेवर हक्क सांगू लागतात, आणि ही गोष्ट पुष्कळदा ध्यानी येते ती प्रत्यक्ष बांधकामावर.

रान्सेल्वा पुलाच्या अभियंत्यांनी कागदाऐवजी संगणकात पुलाची त्रिमित प्रतिकृतीच रचली. तीत सुमारे दोन लाख सळया आहेत! प्रत्येकीची लांबी, वाक आणि स्थान तीत ठरलेले. दोन वस्तू एका जागी आल्या तर संगणक ते आधीच दाखवितो. कारागिरांना ही प्रतिकृती पडद्यावर हवी तशी फिरवून पाहता येते. शिवाय नकाशा बदलला तरी त्याची जुनी प्रत कोणाच्या तरी खिशात उरतेच. येथे बदल एकाच ठिकाणी होतो व तो सर्वांस दिसतो. आमच्या मते हा लाभ सर्वांत मोठा.

तथापि प्रतिकृतीही दिलेल्या आकड्यांवरच उभी राहते, आणि चुकीचा आकडा ती तितक्याच सुबकपणे दाखवील. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी व स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना काय घडले ते पाहा. हे दोन देश समुद्रसपाटी निरनिराळ्या समुद्रांवरून मोजतात. त्यांतील २७ सेंटीमीटरांचा फरक अभियंत्यांना ठाऊक होता व त्यांनी तो हिशेबात धरलाही होता. परंतु अधिक-उण्याचे चिन्ह उलटे पडले. फरक नाहीसा होण्याऐवजी दुप्पट झाला. दोन काठांवरील कामांच्या पातळींत ५४ सेंटीमीटरांचे अंतर पडले आहे, हे २००३ साली बांधकाम चालू असताना उघडकीस आले.