संघ मालकाचा, हंगाम पाठीराख्यांचा

एखाद्या व्यावसायिक क्रीडासंघाचा मालक कोण, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर अगदी सोपे आहे. ज्याचे भांडवल, त्याचा संघ. तो संघ विकू शकतो, त्याचे नाव बदलू शकतो आणि लीगमधील इतर मालकांची संमती मिळाली तर संघ उचलून दुसऱ्या शहरी, दुसऱ्या देशातसुद्धा नेऊ शकतो. परंतु त्याच संघामागे वर्षानुवर्षे उभा राहणारा, त्याच्या विजयाने हरखणारा आणि पराभवाने रात्रभर तळमळणारा जो पाठीराखा असतो, त्याचे त्या संघाशी नाते कोणते? कागदोपत्री तो केवळ तिकीट घेणारा गिऱ्हाईक आहे. प्रत्यक्षात मात्र संघाला जी किंमत येते ती बव्हंशी त्याच्या निष्ठेमुळेच येते. हा विरोध किती खोल जाऊ शकतो, हे पाहायचे असेल तर कॅनडातील विनिपेग या शहराकडे आणि तेथील ‘जेट्स’ या बर्फावरील हॉकीच्या संघाकडे पाहावे.

विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी. २०२१च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती. सपाट गवताळ प्रदेशात वसलेल्या या शहराचा हिवाळा सहा महिने पुरतो. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरणे, ही तेथे नित्याची बाब आहे. इंजिन गोठू नये म्हणून उभ्या मोटारीला विजेची तार जोडून ठेवावी लागते. अशा मुलखात हॉकी म्हणजे हिरवळीवरची अकरा जणांची हॉकी नव्हे. ती बर्फावर खेळली जाते. गोलरक्षकासह सहा खेळाडू, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका की खेळाडू मिनिटभराच्या आत दमतात आणि खेळ चालू असतानाच एक तुकडी बाहेर पडून दुसरी आत येते.

हंगामाची सोबत

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही या खेळातील सर्वोच्च स्पर्धा. २०२४-२५च्या हंगामात तीत ३२ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ८२ सामने आले होते. ४१ घरी आणि ४१ बाहेर. विजयाला दोन गुण, जादा वेळेत पत्करलेल्या पराभवाला एक गुण. एप्रिलच्या मध्यास साखळी संपते, १६ संघ बाद फेरीत जातात, आणि तेथे प्रत्येक टप्प्यावर सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे सरकतो. असे चार टप्पे ओलांडणाऱ्यास स्टॅन्ली चषक मिळतो.

या वेळापत्रकाचा अर्थ असा, की पाठीराख्याचे संघाशी नाते एखाद्या अंतिम सामन्यापुरते नसते. ते संबंध हिवाळ्याशी जोडलेले असते. ऑक्टोबरात पाने गळतात तेव्हा संघ नवा असतो आणि आशाही नवी असते. डिसेंबरात कोणाचा तरी गुडघा दुखावतो. जानेवारीत सलग चार-पाच सामने हातचे जातात आणि प्रशिक्षकाला काढून टाकावे अशी कुजबुज सुरू होते. फेब्रुवारीपासून गुणतक्ता पाठ होऊ लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना विनिपेगच्या घड्याळाप्रमाणे रात्री ९च्या सुमारास सुरू होतो आणि मध्यरात्रीच्या आगेमागे संपतो; दुसऱ्या दिवशी शाळेत आणि कचेरीत कोणाकोणाचे डोळे तांबारलेले आहेत यावरून सामना कोणी पाहिला ते कळते. ज्या शहरात सहा महिने माणसे घराबाहेर पडताना दोनदा विचार करतात, तेथे एकमेकांशी बोलायला हा एक विषय सर्वांना समान असतो. बँकेतील अधिकारी आणि बस चालविणारा यांच्यातही तो समान असतो.

बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही याच वाटेने त्या समाजात प्रवेश मिळतो. कॅनडातील हॉकीच्या प्रसिद्ध शनिवारच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची पंजाबी आवृत्ती २००८मध्ये सुरू झाली, आणि हरनारायण सिंग यांच्यासारखे समालोचक देशभर परिचित झाले. पंजाबातून आलेली आजी आणि कॅनडात जन्मलेला नातू एकाच सामन्यावर, एकाच भाषेत बोलू लागले. संघ ही केवळ करमणूक नव्हे, ती शहराची एक सामायिक भाषा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

निरोपाचा हंगाम

जेट्सची स्थापना १९७२मध्ये झाली. वर्ल्ड हॉकी असोसिएशन या नव्या प्रतिस्पर्धी लीगमधला तो एक संघ. त्याच वर्षी बॉबी हल या त्या काळच्या अत्यंत नामांकित खेळाडूला त्याने आपल्याकडे ओढले आणि सारे हॉकीविश्व चकित झाले. १९७९मध्ये हा संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झाला. तेथे त्याला स्टॅन्ली चषक कधीच मिळाला नाही. परंतु १९८७च्या बाद फेरीत कॅलगरीच्या संघाविरुद्ध विनिपेगच्या प्रेक्षकांनी एक प्रथा सुरू केली. कॅलगरीचे प्रेक्षक लाल कपडे घालीत. विनिपेगकरांनी त्याला उत्तर म्हणून नखशिखान्त पांढरे कपडे घालून क्रीडागार भरून टाकले. ही प्रथा पुढे बाद फेरीत शहराची खूणच होऊन बसली.

१९९०नंतर मात्र हिशेबाची गणिते बिघडली. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागत, तिकिटांचे उत्पन्न येई कॅनडाच्या डॉलरमध्ये. आणि १९९५च्या सुमारास कॅनडाच्या डॉलरची किंमत अमेरिकी डॉलरच्या पाऊण भागाहूनही कमी झाली होती. क्रीडागार जुने झाले होते. संघाच्या एकूण पगारावर त्या काळी मर्यादा नव्हती, त्यामुळे लहान शहरांना मोठ्या शहरांशी बरोबरी करणे दुरापास्त झाले. क्वेबेक शहराचा संघ १९९५मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच वर्षी, १९९६मध्ये, त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या संघाचे पराभव सोसले, त्यांना त्याचा विजय परक्या शहराच्या नावे पाहावा लागला.

विनिपेगमध्येही १९९५च्या मे महिन्यात निरोपसमारंभ झाला. थॉमस स्टीन या लोकप्रिय खेळाडूचा २५ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला आणि लोक रडत घरी गेले. मग संघ वाचविण्यासाठी शहर रस्त्यावर आले. हजारोंच्या सभा झाल्या, सामान्य माणसांनी वर्गणी काढली, लहान मुलांनी आपले साठविलेले पैसे दिले. लाखो डॉलर जमले, पण ते पुरेसे नव्हते. मिळाला तो एक वर्षाचा अवधी.

तो १९९५-९६चा हंगाम पाठीराख्याच्या निष्ठेची विलक्षण परीक्षा होता. संघ जाणार हे ठरल्यावरही तो संघ त्यांचाच होता. त्याने गोल केला की टाळी आपोआप वाजत होती. तो बाद फेरीत पोहोचला. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध तो ४-१ असा हरला आणि विनिपेगमधील त्याचा काळ संपला. संघ ॲरिझोनातील फीनिक्सला गेला. वाळवंटातल्या त्या शहराने त्याचे नाव ‘कायोटीज’ ठेवले. करारात कोठेही उणीव नव्हती. पण ज्यांनी वर्गणी दिली होती, त्यांच्या हाती मुकाट्याने घरी बसण्यावाचून काय उरले?

परतीची किंमत

पुढील पंधरा वर्षे विनिपेगने दुय्यम लीगमधल्या ‘मॅनिटोबा मूस’ या संघावर समाधान मानले. २००४मध्ये शहराच्या मध्यभागी नवे क्रीडागार उभे राहिले. २००४-०५चा संबंध हंगाम मालक-खेळाडू वादात वाया गेला, आणि त्यानंतर पगारांवर मर्यादा आली. लहान शहरांना पुन्हा वाट मोकळी झाली.

३१ मे २०११ रोजी घोषणा झाली, की अटलांटाचा ‘थ्रॅशर्स’ हा संघ विनिपेगच्या ‘ट्रू नॉर्थ’ या कंपनीने घेतला असून तो तेथे येणार. संपूर्ण हंगामाची १३,००० तिकिटे विकली जावीत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जुन्या मूसच्या तिकीटधारकांना अग्रक्रम होता. सर्वसामान्यांसाठी ४ जून रोजी विक्री खुली झाली, तेव्हा उरलेली तिकिटे १७ मिनिटांत संपली. ही तिकिटे एका वर्षाची नव्हती. घेणाऱ्याला तीन ते पाच वर्षांसाठी बांधून घ्यावे लागत होते. ९ ऑक्टोबर २०११ रोजी पहिला सामना मॉन्ट्रियलशी झाला. जेट्स ५-१ असे हरले, आणि तरीही प्रेक्षक उभे राहून गर्जत होते.

या आनंदाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती दृष्टिआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विनिपेगला जे मिळाले ते अटलांटाने गमावले. अटलांटाच्या नशिबी तर हे दुसऱ्यांदा आले. १९८०मध्ये त्या शहराचा पहिला संघ कॅलगरीला गेला होता. अटलांटातही थोडेथोडके का होईना, प्रामाणिक पाठीराखे होते. १९९६मध्ये विनिपेगची मुले जशी रडली, तशी २०११मध्ये तेथील काही मुले रडली असणारच. पुढे २०२४मध्ये ॲरिझोनातूनही खेळाडूंचा सारा ताफा युटाकडे गेला. एका शहराचे सणाचे दिवस दुसऱ्याच्या सुतकातून यावेत, अशी या व्यवस्थेची रचनाच आहे.

रिकाम्या खुर्च्या

२०१८मध्ये जेट्स बाद फेरीच्या उपान्त्य टप्प्यापर्यंत गेले आणि शहराने पुन्हा पांढरी वस्त्रे परिधान केली. पण प्रेम कितीही उत्कट असले तरी त्याला महिन्याच्या खर्चाचा हिशेब चुकत नाही. साथीच्या काळात क्रीडागारे ओस पडली, महागाई वाढली, आणि पूर्ण हंगामाच्या तिकिटांची संख्या तीन वर्षांत सुमारे १३,०००वरून साडेनऊ हजारांपर्यंत घसरली. विनिपेगमध्ये ही तिकिटे घेणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांपेक्षा कुटुंबे आणि मित्रमंडळी अधिक. चार-सहा जण मिळून एक तिकीट घेतात आणि सामने वाटून घेतात. अशा ठिकाणी घरखर्चाला ताण पडला की खुर्ची रिकामी होते. २०२४च्या प्रारंभी संघाचे प्रमुख मार्क चिपमन यांनी जाहीरपणे सांगितले, की ही स्थिती दीर्घकाळ परवडणारी नाही. १९९६ची आठवण असलेल्या शहरात या वाक्याचा अर्थ काय लावला गेला असेल, हे सांगावयास नको. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांना फेब्रुवारीत विनिपेगला जाऊन लोकांना धीर द्यावा लागला.

मालकांची अडचण खोटी नव्हती. परंतु निष्ठा हे काही थकलेले कर्ज नव्हे, की आठवण करून देऊन ते वसूल करावे. ज्याला तिकीट परवडत नाही तो घरी बसून रेडिओ ऐकतो, म्हणून त्याचे प्रेम कमी ठरत नाही. उलट पाठीराख्यांनीही हे ओळखले पाहिजे, की ज्या व्यवस्थेत मत नोंदविण्याचे एकमेव साधन तिकीट आहे, तेथे रिकामी खुर्चीही काही बोलत असते, आणि ती जे बोलते ते प्रत्येक वेळी बसणाऱ्याच्या मनातले असतेच असे नाही.

याच शहरात दुसरे एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ‘ब्लू बॉम्बर्स’ हा विनिपेगचा कॅनेडियन फुटबॉलचा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. तो नफा न वाटणारी, लोकसमूहाच्या मालकीची संस्था आहे. त्याचे जुने दिवस हलाखीचेही गेले, पण तो शहर सोडून गेला नाही. आणि २०१९ व २०२१मध्ये त्याने त्या खेळातला सर्वोच्च ग्रे चषक जिंकला. हॉकीचे अर्थकारण कितीतरी मोठे आहे, त्यामुळे तोच साचा तेथे जसाच्या तसा बसणार नाही. तरीही संघ आणि शहर यांची गाठ कायद्याने बांधता येते, एवढे या उदाहरणावरून निश्चित सिद्ध होते.

हरूनही उरणारे काही

त्या इशाऱ्यानंतर आलेला २०२४-२५चा हंगाम जेट्सच्या इतिहासातला सर्वोत्तम ठरला. पहिल्या १५ सामन्यांपैकी १४ त्यांनी जिंकले. लीगच्या इतिहासात असे पूर्वी कोणी केले नव्हते. ५६ विजय आणि ११६ गुण मिळवून त्यांनी साखळीत अग्रस्थान पटकावले. गोलरक्षक कॉनर हेलेबक हंगामाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. बाद फेरीत सेंट लुइसविरुद्धचा सातवा सामना ४ मे २०२५ रोजी झाला. दोन सेकंदांहूनही कमी वेळ उरला असताना कोल पर्फेटीने बरोबरी साधली, आणि जादा वेळेच्या दुसऱ्या डावात कर्णधार ॲडम लाउरीने विजयी गोल केला.

पुढच्या फेरीत डॅलसने त्यांना हरविले. सहाव्या सामन्याच्या आदल्या रात्री मार्क शायफली या खेळाडूचे वडील निवर्तले. तो तरीही खेळला आणि विनिपेगचा एकमेव गोल त्यानेच केला. निर्धारित वेळेची काही सेकंदे उरली असताना प्रतिस्पर्ध्याला पाडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि तो शिक्षेच्या कोठडीत बसलेला असतानाच डॅलसने जादा वेळेत सामना जिंकला. हस्तांदोलनाच्या वेळी डॅलसच्या खेळाडूंनी त्याचे सांत्वन केले.

चषक मिळाला नाही. पण त्या रात्री विनिपेगमधील घराघरांत जे दुःख होते ते हरलेल्या सामन्याचे कमी आणि वडील गमावलेल्या आपल्या माणसाचे अधिक होते. ‘आपल्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा. तो कोणत्याही विक्रीखतात लिहिलेला नसतो आणि संघ हलविताना सामानाबरोबर नेताही येत नाही. ८२ सामन्यांचा हिवाळा एकत्र काढल्याने तो तयार होतो. मालकांना संघ सांभाळावयाचा असेल, तर तिकिटांच्या संख्येइतकीच या शब्दाची काळजी त्यांनी वाहिली पाहिजे. आणि लीगने निदान एवढे तरी करावे, की एखाद्या शहराचा संघ हलविण्यापूर्वी त्या शहराचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक व्हावे. नाहीतर आज एका शहरात, उद्या दुसऱ्या शहरात पाठीराख्यांनी निरोपसमारंभ करावेत आणि हिशेबनिसांनी ते खर्चात दाखवावेत, हा क्रम असाच चालू राहील.