अपरिग्रह

अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे वस्तूंचा संग्रह न करणे आणि जवळ असलेल्या वस्तूंविषयी ममत्व न बाळगणे. हिंदू तत्त्वज्ञानात हे एक नैतिक व्रत मानले जाते. पतंजलीच्या योगसूत्रांत ते पाच यमांपैकी शेवटचे आहे. जैन धर्माच्या पाच महाव्रतांतही अपरिग्रहाचा समावेश होतो. अपरिग्रह आणि दारिद्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. दारिद्र्य परिस्थितीने लादले जाते, तर अपरिग्रह स्वेच्छेने स्वीकारला जातो. वस्तूंचा प्रत्यक्ष त्याग आवश्यक आहे की त्यांवरील आसक्ती सुटणे पुरेसे आहे, हा या संकल्पनेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. महाराष्ट्रातील अनेक संत गृहस्थ असल्यामुळे या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व प्राप्त झाले.

व्युत्पत्ती व अर्थ

'ग्रह्' (घेणे, धरणे) या संस्कृत धातूला 'परि' (सर्व बाजूंनी) हा उपसर्ग लागून 'परिग्रह' हा शब्द तयार होतो. स्वीकार, मालकी आणि संपत्ती हे त्याचे अर्थ आहेत. पत्नी व आश्रित परिवार यांनाही संस्कृतात परिग्रह म्हटले जाते. या सर्वांचा अभाव किंवा मर्यादा म्हणजे अपरिग्रह होय.

अस्तेय आणि अपरिग्रह यांत फरक आहे. दुसऱ्याचे न घेणे हे अस्तेय, तर न्याय्य मार्गाने मिळू शकणारी वस्तूही गरज नसताना न घेणे हा अपरिग्रह.

योगदर्शनातील स्थान

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत (२.३०). जाती, देश, काल आणि प्रसंग यांची मर्यादा न ठेवता पाळले असता त्यांना 'महाव्रत' ही संज्ञा मिळते (२.३१).

व्यासभाष्यात अपरिग्रहामागील कारणे दिली आहेत. विषयांच्या ठिकाणी पाच दोष असतात : ते मिळवावे लागतात, मिळाल्यावर राखावे लागतात, त्यांचा क्षय होतो, त्यांची आसक्ती जडते आणि त्यांच्या उपभोगात हिंसा घडते. हे दोष ओळखून विषयांचा स्वीकार न करणे म्हणजे अपरिग्रह. अपरिग्रह स्थिर झाल्यावर साधकाला आपल्या जन्मांविषयीचे ज्ञान होते, असे सूत्रकार म्हणतात (२.३९). भाष्यकारांच्या मते हे ज्ञान 'मी कोण होतो, कसा होतो' या जिज्ञासेच्या रूपाचे असते.

उपनिषदे व भगवद्गीता

ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात सर्व जग ईश्वराने व्यापलेले असल्याचे सांगून त्यागपूर्वक उपभोग घेण्याचा आणि धनाचा लोभ न धरण्याचा उपदेश केला आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना आपल्या संपत्तीची मैत्रेयी आणि कात्यायनी या पत्नींमध्ये वाटणी करू इच्छितो. धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी अमरत्व लाभेल काय, असे मैत्रेयी त्याला विचारते. उत्तर नकारार्थी आल्यावर ती धनाऐवजी आत्मज्ञान मागते.

भगवद्गीतेत योग्याचे वर्णन करताना 'अपरिग्रह' हा शब्द आला आहे (६.१०). मात्र गीतेने कर्माचा त्याग आणि फलासक्तीचा त्याग यांत भेद करून दुसऱ्याला अधिक महत्त्व दिले. त्यामुळे घर, शेती किंवा व्यवसाय न सोडताही अनासक्त राहता येते, या मताला आधार मिळाला.

भागवतातील दृष्टान्त

भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत आपल्या चोवीस गुरूंची माहिती यदुराजाला देतो. त्यांपैकी काही गुरू परिग्रहाचे दोष दाखवतात. चोचीत मांस धरलेल्या कुरर पक्ष्यावर इतर पक्षी तुटून पडतात. मांस टाकताच त्याची सुटका होते. मधमाशी फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, हा तिचा गुण आहे. पण ती साठा करते आणि त्या साठ्यासह नाश पावते, हा तिचा दोष होय. अनेक घरांतून थोडे थोडे अन्न घेण्याच्या प्रथेला 'माधुकरी' हे नाव मधमाशीवरूनच मिळाले. साठवून न ठेवण्याचा नियमही त्यात अभिप्रेत आहे.

पैठणच्या संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहिली. 'एकनाथी भागवत' या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ त्यांनी शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये काशी येथे पूर्ण केला. एकनाथ स्वतः गृहस्थाश्रमी होते.

गृहस्थाश्रमातील आचरण

संन्याशाने दंड, कमंडलू आणि मोजकी वस्त्रे एवढेच बाळगावे, असा सामान्य नियम होता. गृहस्थावर कुटुंब, अतिथी आणि इतर आश्रमांचे पोषण अवलंबून असल्याने त्याच्यासाठी मर्यादा वेगळी होती. मनुस्मृतीत ब्राह्मण गृहस्थाचे धान्यसाठ्यावरून चार प्रकार केले आहेत (४.७) : कणगीभर धान्य ठेवणारा, मडकेभर ठेवणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांपैकी पुढचा प्रत्येक प्रकार मागच्यापेक्षा श्रेष्ठ मानला आहे.

पोट भरण्यास लागेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क असून त्याहून अधिकावर मालकी सांगणारा चोर ठरतो, असे मत भागवताच्या सातव्या स्कंधात गृहस्थधर्माच्या संदर्भात आले आहे. दान, अतिथीसत्कार आणि पंचमहायज्ञ ही गृहस्थाच्या अपरिग्रहाची रूढ साधने होत. जैन परंपरेतही श्रावकासाठी संपूर्ण त्यागाऐवजी 'परिग्रह-परिमाण', म्हणजे स्वतः ठरवलेली संपत्तीची मर्यादा, हे अणुव्रत सांगितले आहे.

महाराष्ट्रातील संतपरंपरा

वारकरी संतांनी संसार सोडण्याऐवजी संसारात राहून आसक्ती सोडण्यावर भर दिला. संत नामदेवांच्या चरित्रात परिसा भागवत याची कथा येते. परिसा भागवताच्या पत्नीने नामदेवांची पत्नी राजाई हिला लोखंडाचे सोने करणारा परीस दिला. नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकला. परिसा भागवताने तो परत मागितल्यावर नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दाखवले आणि ते सर्व परीसच निघाले, अशी ही आख्यायिका आहे.

संत तुकारामांच्या देहू येथील घराण्यात सावकारी होती. इ.स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात कुटुंबाची वाताहत झाली. त्यानंतर बंधू कान्होबा यांच्याशी कर्जखतांची वाटणी करून तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. या कृतीमुळे ऋणकोही कर्जातून मुक्त झाले. अपरिग्रहाचा लाभ त्याग करणाऱ्याइतकाच इतरांनाही होऊ शकतो, याचे हे उदाहरण मानले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकारामांनी परत केल्याची कथाही प्रसिद्ध आहे.

विसाव्या शतकात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इत्यादी ठिकाणी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. मोठ्या रकमा हाताखालून जात असताना त्यांची स्वतःची चीजवस्तू अंगावरील चिंध्यांची गोधडी, हातातील खराटा आणि गाडगे एवढीच होती. ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरी येथे वास्तव्य केलेले नित्यानंद (मृत्यू १९६१) हेही लंगोटीवर राहणारे अवधूत म्हणून ओळखले जातात.

आधुनिक काळातील विचार

महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत इतर व्रतांबरोबर अपरिग्रहाचेही विवेचन केले. गरज नसलेली वस्तू ठेवणे ही एक प्रकारची चोरीच होय, असे त्यांचे मत होते. संपत्ती बाळगणाऱ्याने स्वतःस तिचा मालक न मानता समाजाचा विश्वस्त मानावे, हा त्यांचा विश्वस्ततेचा सिद्धान्त याच विचारावर आधारलेला आहे.

विनोबा भावे यांनी १९५० च्या सुमारास पवनार आश्रमात 'कांचनमुक्ती'चा, म्हणजे पैशावाचून श्रमावर जगण्याचा, प्रयोग केला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांनी भूदान चळवळ सुरू केली. जमीनमालकाने विनोबांना आपला आणखी एक मुलगा समजून सहावा हिस्सा भूमिहीनांसाठी द्यावा, असे ते सांगत. व्यक्तीचे व्रत समाजव्यवस्थेत उतरवण्याचा हा प्रयत्न होता. मात्र मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक किंवा वादग्रस्त होती आणि तिचे वाटपही अपुरे राहिले.

टीका

अपरिग्रहाच्या आदर्शावरील मुख्य आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. ज्या मनुस्मृतीत ब्राह्मणाच्या स्वेच्छेच्या असंग्रहाची प्रशंसा आहे, तिच्यातच समर्थ असूनही शूद्राने धनसंचय करू नये, असे बंधन घातले आहे (१०.१२९). येथे एकासाठी असलेले व्रत दुसऱ्यावर सक्ती म्हणून लादले जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील लेखात, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, असे प्रतिपादन केले. ज्याच्याकडे धन आहे त्याने ते सोडणे स्तुत्य असू शकते. दारिद्र्य मात्र कधीही स्तुत्य नसते, असा भेद त्यांनी केला. गांधींच्या विश्वस्ततेच्या कल्पनेवरही त्यांनी टीका केली.

या आक्षेपांमुळे अपरिग्रहाच्या व्याख्येतील स्वेच्छेचा घटक अधोरेखित होतो. सोडण्याजोगे काही जवळ असणे आणि ते सोडण्याचा निर्णय स्वतः घेणे या दोन अटी पूर्ण झाल्याशिवाय वस्तूंच्या अभावाला अपरिग्रह म्हणता येत नाही.