ओल्याची मजुरी

पुण्यातल्या कचऱ्याचे अर्थशास्त्र सोपे आहे. सुक्याला भंगारवाला पैसे मोजतो, ओल्याला कोणी दमडी देत नाही. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या बायका १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ म्हणून एकत्र आल्या, त्या ओळखपत्रासाठी आणि कचऱ्यावरच्या हक्कासाठी. त्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार फिरू लागली. घरटी महिन्याचे पैसे आणि विकले जाईल ते सुके, ही सभासदाची कमाई. ओले मात्र ढकलगाडीवर लादून महापालिकेच्या गाडीपर्यंत न्यायचे. ओझे त्याचेच जास्त.

पुढे ते उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर जाई. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. शहराला खताची आठवण झाली त्यात निसर्गप्रेमापेक्षा या अडवलेल्या गाड्यांचा वाटा मोठा, असे माझे मत आहे. मग २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना ओले शक्यतो जागीच जिरवायला सांगितले. सोसायट्यांनी मागच्या भिंतीशी जाळीदार विटांचे हौद बांधले, आणि ते सांभाळायचे काम बऱ्याच ठिकाणी कचरा नेणाऱ्या बाईकडेच आले.

ती आधी बादली पालथी करून हाताने पसरते. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, रबरबँड, निर्माल्यातला दोरा, चहाच्या पुडीची पिन, हे सगळे निघायलाच हवे. नारळाची करवंटी आणि आंब्याच्या कोया बाजूला, त्या महिनोन्‌महिने कुजत नाहीत. मग ओल्याचा थर, त्यावर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा, वर थोडे जुने खत. आतला माल मुठीत दाबला आणि बोटांतून पाणी गळले, तर पाला कमी पडला. भट्टी नीट लागली की हौदाचे पोट साठ अंशांपर्यंत तापते आणि उलथताना वाफ निघते. अळ्या दिसल्या की सोसायटीचे सभासद ओरडतात. तिला अळ्यांचे काही वाटत नाही, ओले फस्त करणाऱ्या त्या फुकटच्या मजूर. ती धास्तावते पावसाळ्याला. तेव्हा कोरडा पाला मिळत नाही, आणि फाल्गुनात पाने जाळून मोकळी झालेली सोसायटी आषाढात भुसा विकत आणते.

या कटकटीला कंटाळून काहींनी ‘चोवीस तासांत खत’ करणारे यंत्र घेतले. यंत्र अन्न दळते आणि तापवून सुकवते. बाहेर येणारा तपकिरी भुगा दिसायला खतासारखा असतो, पण कुजलेला नसतो; कुंडीत घालून पाणी दिले की पुन्हा आंबतो आणि वास मारतो. तो हौदातच नेऊन आठवडे मुरवावा लागतो. म्हणजे विजेचे बिल वाढले आणि बाईचे काम होते तेवढेच राहिले. तरी वार्षिक सभेत यंत्राचा खर्च पाच मिनिटांत मंजूर होतो. हौदावर काम करणाऱ्या बाईच्या पैशांत दोनशेची वाढ मागितली, की मात्र चर्चेला तास पुरत नाही आणि विषय पुढच्या सभेवर जातो.