प्रयोगशाळांचे जाळे

इ. स. २००१ च्या आरंभी पश्चिम बंगालमधील सिलिगुडी शहरात एका अपरिचित तापाने थैमान घातले. रुग्णांस ज्वर येई, त्यांची शुद्ध हरपे आणि त्यांतील बहुतेक दगावत. नोंद झालेल्या ६६ रुग्णांत रुग्णालयांतील कर्मचारी व रुग्णांच्या भेटीस आलेले आप्त पुष्कळ होते. साथ ओसरली, तरी रोगाचे नाव निश्चित झाले नाही. जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीवरून तो ‘निपाह’ विषाणूचा प्रादुर्भाव होता, असे दाखविणारे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले.

हाच विषाणू मे २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात प्रकट झाला. एकाच कुटुंबातील दुसरा रुग्ण दाखल होताच डॉक्टरांस शंका आली. नमुने कर्नाटकातील मणिपाल येथील प्रयोगशाळेकडे गेले आणि तेथील निदानास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दुजोरा दिला. हे सारे थोड्या दिवसांत घडले. रुग्णांना वेगळे ठेवणे व त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणे त्वरित सुरू झाले. अनेकांचे प्राण वाचू शकले नाहीत. परंतु ती साथ दोन जिल्ह्यांपलीकडे पसरली नाही.

डॉक्टरांची सावधता हे या यशाचे एक कारण होय. दुसरे कारण म्हणजे, शंका आल्यावर नमुना कोठे पाठवावा हे ठाऊक होते आणि तो तपासणारे हात तयार होते. पुण्याची संस्था १९५२ साली स्थापन झाली. परंतु एवढ्या विशाल देशाचा भार एका संस्थेने कसा वाहावा? म्हणून २०१३ साली प्रादेशिक, राज्य व वैद्यकीय महाविद्यालय अशा तीन पातळ्यांवर विषाणू-प्रयोगशाळा उभारण्याची योजना केंद्र शासनाने मंजूर केली. मध्यवर्ती संस्थेने प्रशिक्षण द्यावे व निष्कर्षांची पडताळणी करावी. इतर प्रयोगशाळांनी आपापल्या भागातील रोगांवर लक्ष ठेवावे, अशी ही विभागणी आहे.

तिची कसोटी २०२० मध्ये लागली. जानेवारीत करोना विषाणूची तपासणी देशात केवळ पुण्यास होत असे. प्रथम या जाळ्यातील प्रयोगशाळा कामास लागल्या, पुढे इतरही आल्या, आणि वर्षअखेरीस त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. यंत्रे विकत घेता येतात. परंतु शिकलेली माणसे आणि संस्थांमधील परस्परविश्वास साथीच्या काळात ऐनवेळी निर्माण करता येत नाहीत. त्यांची जोपासना शांततेच्या काळातच करावी लागते.