अ‍ॅव्हरेजच्या नादात बाईक तापतेय? आधी प्लगचा रंग बघा!

मळवलीहून भाजे गावातून गायमुख खिंडीकडे आणि पुढे लोहगडवाडीला जाणारा चढ पावसाळ्यात बाईकवाल्यांनी भरलेला असतो. गाडीवर दोघं, पहिला-दुसरा गिअर आणि मंद वेग. अशात गाडी तापली की दोष घाटाला दिला जातो. पण बरेचदा खरी गडबड कार्बोरेटरमध्ये असते.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. "अ‍ॅव्हरेज वाढवून द्या" म्हटलं की मेकॅनिक पेट्रोल कमी करतो. पेट्रोल कमी म्हणजे उष्णताही कमी, असं वाटतं ना? चढावर उलटं घडतं. पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषतं, तो गारवा कमी होतो. मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो, ताकद घटते आणि आपण आणखी अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. त्यात वेग कमी, म्हणून इंजिनच्या पात्यांना वाराही लागत नाही. हे वाढत गेलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, म्हणजे इंजिन सीझ होतं.

उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे तिथे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण उलट वाढतं. म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल तर त्याला डोंगराची उंची जबाबदार नाही.

ओळखायचं कसं? चढ चढून आल्यावर गाडी बंद करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, काळी काजळी असेल तर जास्त. थोडा चोक ओढल्यावर गाडी सुरळीत चालली, तरी पेट्रोल कमी पडतंय असं समजा.

मग आधी जेट साफ करून घ्या. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर नाही ना, ते तपासा. तिथून जादा हवा घुसते. त्यानंतरच स्क्रू, सुईची क्लिप किंवा एक नंबर मोठा मेन जेट. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे कार्बोरेटरनुसार बदलतं. जुन्या गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि त्याच जेटवर मिश्रणात इंधन कमी पडतं.

बीएस-6 नंतरच्या, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे स्क्रू नाही. स्कॅनर लावून सेन्सर आणि इंजेक्टर तपासावा लागतो.

आणि हो, ऑइलची पातळी आणि चिकटलेला मागचा ब्रेक सगळ्यात आधी बघा. गाडी तापलीच तर सावलीत थांबवा, इंजिनवर पाणी ओतू नका. लिटरमागे दोन-चार किलोमीटर वाचवायला जाऊन इंजिनचं काम काढण्यात काय फायदा?